जुनी आउटलँडर पीएचईव्ही घेताय? आधी बॅटरी बघा

इंग्लंडमध्ये जुनी मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही (म्हणजे प्लग लावून चार्ज करायची, वीज आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी हायब्रिड) घेणार असाल, तर बजेट ताणून 2.4 लिटर इंजिनवालीच बघा, म्हणजे 2019 च्या मॉडेलपासूनची. तिची बॅटरी 13.8 किलोवॅट-तासांची आहे, आधीची 12 ची होती. यातल्या बऱ्याच गाड्या कंपन्यांनी कर वाचवायला घेतल्या आणि नुसत्या पेट्रोलवर पळवल्या. डिकीतली चार्जिंग केबल अजून प्लास्टिकच्या पिशवीत दिसली, तर काय ते समजा! विक्रेत्याला आदल्या रात्री फुल चार्ज करून ठेवायला सांगा आणि विजेवर किती मैल जाते ते स्वतः चालवून मोजा. कागदावर 28 मैल आहेत. थंडीत कमीच भरतील, त्याचं एवढं मनावर घेऊ नका. हीटर लावल्यावर इंजिन सुरू झालं तर तोही बिघाडच असतो असं नाही. बॅटरीची तब्येत मात्र लेखी मागा, 'चांगली आहे हो' यावर जाऊ नका.

एमओटीचा, म्हणजे तिथल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी साइटवर फुकट मिळतो. फास्ट चार्जिंगला चाडेमो नावाचा जपानी पद्धतीचा प्लग लागतो, तो हल्ली दुर्मीळ होत चाललाय. म्हणून घरी चार्जिंगची सोय नसेल, तर सरळ साधी हायब्रिड घ्या.