आधी गाडी नीट कर, मग विकायचं ठरव

प्रिय मित्रा,

तुझी रॉयल एनफील्ड हिमालयन ही मोटरसायकल चार महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे, आठवड्यातून एकदा तू ती पाच मिनिटं चालू करून बंद करतोस, आणि आता ‘विकूनच टाकू का’ असं तुझ्या मनात यायला लागलंय. विकण्यात कमीपणा अजिबात नाही. पण हा निर्णय आज घेऊ नकोस. तू आज जिच्याबद्दल ठरवायला बसलायस ती चार महिने उभी राहिलेली गाडी आहे, आणि तशी गाडी चालवायला कुणालाच मजा येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: आधी ती पूर्ण नीट करून घे, मग सहा आठवडे चालव, मग ठरव. दुरुस्तीचा खर्च कुठेही वाया जात नाही. ठेवलीस तर तो तुला करायचाच आहे. विकलीस तर गिऱ्हाईक नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवून भाव पाडणार आहे.

ते पाच मिनिटं चालू करणं मात्र आजपासून बंद कर. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं आयडलिंगवर पाच मिनिटांत भरून निघत नाही, म्हणजे दर आठवड्याला तू बॅटरी थोडी थोडी उतरवतोयस. शिवाय इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापत नाहीत. पेट्रोल जळताना जी वाफ तयार होते ती बाहेर न पडता पाणी होऊन सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये बसते. चालू करायचीच तर पंचवीस-तीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आण. जमणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेव.

बॅटरीपासूनच सुरुवात कर, कारण सकाळी निघायच्या वेळी सेल्फ नुसता ‘टक’ करून थांबला की उरलासुरला उत्साहही जातो. गाडी रात्रभर बंद ठेवून मल्टीमीटर लाव. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. तुझी बॅटरी ८ अँपिअर-अवरची व्हीआरएलए, म्हणजे सीलबंद, आहे, ती साधारण ०.८ अँपिअरने सावकाश चार्ज करायची. कारच्या मोठ्या चार्जरला लावू नकोस, लवकर खराब होईल. मग गाडी चालू करून थोडी रेस दे आणि पुन्हा माप घे. १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक आहे, आणि तरीही दोन दिवसांत बॅटरी उतरत असेल तर बॅटरीच संपली आहे. रेस देऊनही आकडा वर चढत नसेल तर आरआर युनिट (बॅटरीकडे जाणारा करंट नियंत्रित करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा चार्जिंग कॉइल तपासायला सांग. नुसती नवी बॅटरी टाकलीस तर तीही महिन्याभरात बसेल.

टाकीतलं पेट्रोल चार महिन्यांचं आहे. त्यात इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. झाकण उघडून वास घे. वास आंबूस किंवा वार्निशचा येत असेल तर काढून टाक, गटारात न ओतता गॅरेजवाल्याकडे दे. वास ठीक असेल आणि टाकी अर्ध्याच्या खाली असेल तर ताजं पेट्रोल भरून तेवढं संपव.

आता टायर आणि हँडल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. गाडीची मजा हळूहळू, कळू न देता जाते ती इथूनच. मागच्या टायरला समोरून नाही, पाठीमागे उकिडवा बसून बघ. सरळ हायवेवर खूप चाललेला टायर मधे सपाट होतो आणि दोन्ही बाजूंना कडा तयार होतात. अशा टायरवर गाडी वळणात आधी झुकायला नकार देते, मग एकदम पडल्यासारखी झुकते. घाटात भरवसा वाटत नाही आणि आपल्याला वाटतं, ‘आपलंच चालवणं बिघडलंय.’ टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘२३२१’ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या पुढे गेलेलं रबर कडक होतं, नक्षी कितीही उरली असली तरी. ओल्या रस्त्यावर ते पकडत नाही. तुझ्या गाडीत ट्यूब आहेत, चार महिन्यांत हवा नक्की उतरली असेल. गाडी थंड असताना मॅन्युअलमधल्या आकड्याइतकी भर, आणि पंपावरच्या काट्यावर विसंबू नकोस, स्वतःचा गेज घे.

मग गाडी मेन स्टँडवर घे, कुणाला तरी मागचा कॅरियर दाबून धरायला सांग म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल दोन बोटांनी अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ने. मधोमध येताना ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर बॉलरेसर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेत. मग पुढच्या शॉकअपचे खालचे भाग धरून पुढे-मागे ओढ. टकटक जाणवली तर बॉलरेसर सैल आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोठं २१ इंची पुढचं चाक सतत आदळत असतं, सगळा मार या बेअरिंगवर येतो. ते अडकायला लागले की कमी वेगात गाडी सरळ रेषेत जात नाही, आपण नकळत हँडल धरून दुरुस्त्या करत राहतो, आणि तासाभरात खांदे भरून येतात. ‘गाडी आता जड वाटते’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ जणांच्या गाडीत एवढाच दोष असतो. नुसतं घट्ट करून पाठवणारे मेकॅनिक असतात. खाच पडलेली असेल तर घट्ट केल्याने ती जात नाही, उलट जास्त अडकते. सेट बदलूनच घे.

बाकीचं लवकर उरकेल. चेन केरोसीनने धुऊन, कोरडी करून, चेन ल्युब मार. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी ढिलाई बघ. एका ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे लोंबती असेल तर चेन असमान ताणली गेलीय, पूर्ण चेनकिट (चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं) बदलायचं, नुसती चेन नाही. क्लच लिव्हरला मुळाशी २-३ मिमी मोकळा खेळ हवा, आणि केबल कोरडी असेल तर नवी टाक, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये डाव्या मनगटाचे हाल तिथूनच होतात. स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मार. खणखणीत वाजला तर ताठ, भद्द वाजला तर सैल. ब्रेक ऑइल डॉट ४, दोन वर्षांनी बदलायचंच. इंजिन ऑइल आणि फिल्टर किलोमीटर न बघता बदल.

हे सगळं झालं की गाडीचा भाग संपतो आणि तुझा सुरू होतो.

उत्साह गेला म्हणतोस, पण नेमकं काय नकोसं झालंय? चालवणं, ही गाडी, की चालवण्याची ही पद्धत? तुझ्या पत्रावरून मला तिसरं वाटतं. पहाटे पाचला ग्रुपबरोबर निघायचं, लोणावळ्यात नाश्ता, पुढच्याचा वेग धरून ठेवायचा, ऊन वाढायच्या आत परत. त्यात तुझ्या मनासारखं काहीच उरत नाही. पाच-सहा रविवार असे गेले की कंटाळा येणारच. त्याचं खापर गाडीवर फोडू नकोस.

सहा आठवडे ग्रुप सोड. शक्यतो आठवड्यातल्या एखाद्या दिवशी, सुट्टी टाकून, एकटाच नीघ. चांदणी चौकातून पौड, मुळशी, ताम्हिणीच्या तोंडापर्यंत आणि परत. शनिवार-रविवारी, त्यातून पावसाळ्यात, तिकडे जाऊ नकोस, धबधब्यांच्या गर्दीत अडकशील. कॅमेरा लावू नकोस. निघण्याआधी येणारा कंटाळा अजिबात मोजू नकोस, तो सगळ्यांनाच येतो. पंधरा-वीस किलोमीटरनंतर, शहर मागे पडल्यावर मन कसं आहे ते बघ. तिथेही ‘कधी एकदा घरी पोचतो’ असंच वाटत असेल, आणि तीन-चार वेळा तसंच वाटलं, तर उत्तर मिळालं.

निघण्यातल्या अडचणी आधी दूर कर. जॅकेट आणि ग्लोव्हज माळ्यावर, हेल्मेट कपाटात, गाडी दोन कारच्या मागे आणि तोंड भिंतीकडे: जवळजवळ दोनशे किलोची गाडी अशी रोज काढायची तर कुणीही टाळेल. गाडी तोंड बाहेर करून लाव, सामान दाराजवळच्या खुंटीवर ठेव. एवढ्यानेच फेऱ्या वाढलेल्या दिसतील.

कात्रजच्या उतारावर ट्रक आडवा आल्याचं तू एका ओळीत लिहून सोडून दिलंस. मला ती ओळ महत्त्वाची वाटते. भीतीला पुष्कळदा आपणच कंटाळा असं नाव देतो. त्यावर उपाय आहे, पण तो हायवेवर सापडत नाही. गुरुवारी भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते. आतला एखादा सरळ, कोरडा, मोकळा रस्ता बघ. मागे कुणी नाही याची खात्री करून ताशी ३० वरून थांबायचा सराव कर: पुढचा ब्रेक आधी हलका, वजन पुढे आलं की जोरात. दहा वेळा झालं की ४० वर ने. शेवटी एबीएसची, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची, धडधड लिव्हरला जाणवेपर्यंत दाबून बघ, म्हणजे ती प्रत्यक्षात आली तर हात सुटणार नाही. तीन-चार गुरुवारांनंतर हातांना भरवसा येतो. तरीही छातीत धडधड कमी झाली नाही तर गाडी विकणं हाच शहाणपणा, आणि त्यात लाज बाळगायचं काही कारण नाही.

सहा आठवड्यांनी कागद घेऊन बस. विमा, पीयूसी, सर्व्हिस, टायर-बॅटरीचा वर्षाचा वाटा आणि गाडीच्या घटत्या किमतीची बेरीज कर, वर्षभरात खरोखर होतील तेवढ्या किलोमीटरने भाग. समज, वर्षाला २५ हजार रुपये आणि हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला २५ रुपये. वर्षातून दोनदा हौसेने फिरायचं असेल तर भाड्याची गाडी स्वस्त पडते. या हिशोबात लडाखची आठवण धरू नकोस. ती गाडी विकल्यावरही तुझीच राहणार आहे. गाडी आवडते पण जड होते असं वाटलं, तर ही विकून हलकी घे.

विकायचं ठरलं की रेंगाळू नकोस. उभी गाडी दर महिन्याला उतरतेच. पावसाळा संपल्यावर फिरणाऱ्यांची खरेदी सुरू होते, तो काळ चांगला. पॅनिअर, फॉग लाइट, क्रॅश गार्डचे वेगळे पैसे गाडीबरोबर कुणी देत नाही, ते काढून स्वतंत्र विक. सायलेन्सर बदलला असशील तर मूळचा परत बसव. दोन्ही चाव्या, सर्व्हिसची बिलं, टूलकिट एकत्र ठेव. हेल्मेट-जॅकेट विकू नकोस, कवडीचे मिळतात आणि दोन वर्षांनी पुन्हा लागू शकतात.

कागदांत ढिलाई नको. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव आहे का बघ. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आधी ते काढून घे. ई-चलनं भरून टाक. तुझी गाडी २०२१ ची, तेव्हा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम मिळालेला, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा होता. दोन्ही चालू आहेत का तपास. टेस्ट राइडला देताना लायसन्स बघ, त्याचा फोटो ठेव, आणि येणाऱ्याची स्वतःची गाडी तिथेच थांबू दे. पैशांचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात जमा झालेले दिसले की मगच चावी दे.

गाडी खरेदीदाराच्या नावावर करायला हे लागतं: फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्या, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. खरेदीदार दुसऱ्या राज्यात नेणार असेल तर आरटीओच्या एनओसीसाठी फॉर्म २८. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटाच्या हातात देऊ नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवणं तुझं काम आहे, ते खरेदीदारावर सोडू नकोस. नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. डीलरला देणार असशील तर तो आरटीओकडे नोंदलेला अधिकृत डीलर आहे का विचार. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची नोंद फॉर्म २९सी ने परिवहनच्या पोर्टलवर होते. ती झाल्याशिवाय गाडी सोडू नकोस. गाडी कुणालाही दे, ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिही.

महिन्याभराने परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का बघ. बदललं असेल तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घे. तो बोनस गाडीचा नसतो, तुझा असतो, आणि तीन वर्षांच्या आत दुसरी दुचाकी घेतलीस तर तिच्या विम्यात वळता होतो.

बॉलरेसर बघितलेस की काय निघालं ते कळव.

तुझा,
हितचिंतक