पॉझिटिव्ह राहायचं म्हणून आठ महिने रक्तच तपासलं नाही

"मॅडम, मनात वाईट आलं की शुगर चढतीय म्हणतात. माझ्या मनात तर दिवसभर वाईटच येतंय. म्हणजे मीच माझी शुगर चढवून घेतोय की ओ?"

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मावशींचा हा पहिला प्रश्न. (आमच्या बेळगाव भागातल्या बायका 'घेतोय', 'जातो' असंच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. प्रश्न मात्र तोच ठेवलाय, कारण टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो सारखा कुणी ना कुणी विचारतंच. कुणाला बीपी असतं, कुणाला थायरॉईड. आजार वेगळा, पण आपल्या विचारांनीच आपण तो ओढवून घेतला ही टोचणी सगळ्यांची सारखी.

मावशी ५४ वर्षांच्या, सहा वर्षांपासून मधुमेह. त्यांच्या आईचा उजवा पाय याच आजारात कापावा लागला होता आणि नंतरची चार वर्षं आई पडवीतल्या खाटेवर होती. मावशींच्या डोळ्यांपुढून ती खाट हलत नव्हती. गोव्यात नोकरीला असलेला मुलगा रोज सकाळी व्हॉट्सॲपवर सुविचार पाठवायचा. त्यातल्या एका व्हिडिओत सांगितलेलं की उठल्याबरोबर 'मी निरोगी आहे' असं २१ वेळा म्हणा. मावशी इमानेइतबारे म्हणायच्या. विसाव्या-एकविसाव्या वेळेपर्यंत आईचा पाय आठवायचाच. मग धडधड, आणि वर 'आज परत वाईट विचार केला' ही आणखी एक भीती. व्याजावर व्याज.

पहिल्या भेटीत मी घोळ घातला. झोप, भूक, उदासपणा यांची चौकशी केली, नैराश्याची लक्षणं दिसली नाहीत, आणि लगेच वही सुचवली. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. ही पद्धत काही उडतउडत आलेली नाही. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात आठवडाभर असं लिहिणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही फरक जाणवला होता. पंधरा दिवसांनी वही आली, नातीच्या अक्षरात. 'वळीव पडला. म्हैस दूध दिली. लाईट गेली नाही.' पानापानावर हेच.

"खरं सांगू काय मॅडम, हे सांगताना पण पायच आठवतोय."

आठवणारच. औषध घेताना माकड आठवायचं नाही, असं वैद्यानं बजावल्यावर रोग्याला पेल्यात माकडच दिसायला लागलं, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली हेच प्रयोगशाळेत पाहिलं, माकडाच्या जागी पांढरं अस्वल होतं एवढंच. अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेली माणसं दर मिनिटाला एकदा तरी अस्वलावर येऊन थांबत होती. हे मला तोंडपाठ, आणि तरी मी मावशींना माकडावर पांघरूण घालायला वही दिली होती.

म्हणून दुसऱ्या भेटीत चांगल्याचं बोलणं बंद केलं. सरळ विचारलं, "शेवटची शुगर किती होती?"

"माहीत नाही."

"तपासली कधी?"

"दिवाळीत." आता मृग तोंडावर आला होता. "आकडा बघितला की मन निगेटिव्ह होतंय ओ. म्हणून बघायचंच सोडलो."

"आणि पायाचे तळवे?"

"पाय बघितला की आई आठवते. कशाला बघू?"

गोळ्याही कधी घ्यायच्या, कधी राहायच्या. आपण निरोगी आहोत असं रोज २१ वेळा म्हणायचं, मग गोळी घेणं म्हणजे स्वतःलाच खोटं पाडणं!

विचारानं शुगर चढते का, याचं प्रामाणिक उत्तर मी त्यांना दिलं. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं. तेव्हा ऐकलेलं अगदीच खोटं नाही. पण मनात येऊन गेलेला एखादा विचार म्हणजे असा ताण नव्हे. चुकलेली गोळी आणि तिन्ही वेळचा ताटभर भात यांच्यापुढे तो किस झाड की पत्ती.

मग विचारलं, आईच्या पायाला नक्की काय झालेलं?

"काटा रुतलेला. आठ दिवस कळलंच नाही तिला."

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, जखम दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि चिघळते. म्हणजे मावशी ज्या विचाराला हाकलत होत्या, त्यांच्या डोक्यातला सगळ्यात कामाचा विचार तोच होता. फक्त 'आईचा गेला, माझा पण जाणार' इथंच ते वाक्य अडायचं. मी म्हटलं, पुढं 'म्हणून' लावा आणि पुरं करा.

बराच वेळ गप्प होत्या. "म्हणून... रोज रात्री पाय बघतो."

गाब्रिएले ओटिंगेन या संशोधिकेनं वजन कमी करू पाहणाऱ्या २५ बायकांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल असं वाटणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. बारीक झाल्याची गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं मात्र कमी. 'जमेल' आणि 'झालंच आहे' यांतला हा फरक त्या व्हिडिओवाल्यांना कुणी सांगावा?

पुढचं गाडं अडलं चिखलात. पाय जपायचा तर अनवाणी उतरायचं नाही, पण रोप लावणीला कोण चप्पल घालतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मावशींनीच काढलं. यंदा लावणीच्या ओळीत उतरायचं नाही, बूट घालून बांधावर बसायचं आणि रोपाच्या मुठी बांधून द्यायच्या. सून आधी कुरकुरली, मग तिनंच बाजारातून बूट आणले. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी (एचबीए१सी) केली तेव्हा आकडा आला ९.६ टक्के. त्या रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी गोळ्या बदलल्या. गणपती झाल्यावर तोच आकडा ८.२ होता. सर्वसाधारणपणे तो सातच्या खाली असावा लागतो, तेव्हा अजून वाट आहे. उतरला त्याचं श्रेय गोळ्यांना आणि अर्ध्या झालेल्या भाताला, माझ्या गप्पांना नाही.

ज्यांची झोप, भूक, कामातलं मन दोन आठवड्यांहून जास्त उडालेलं आहे, त्यांनी मात्र असं 'म्हणून' लावत घरी बसू नये. डॉक्टरांना भेटावं, किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेच्या १४४१६ या फुकटच्या नंबरवर फोन करावा.

परवा मावशी आल्या होत्या. रात्री नात मोबाईलच्या बॅटरीत तळवे बघते आणि 'डावा ओके, उजवा ओके' असं ओरडते म्हणे. एकदा बोटांच्या बेचक्यात तिला चीर सापडली, मावशींना पत्ताच नव्हता. दहा दिवसांत ती भरली.

"आणि ते २१ वेळा म्हणायचं?" मी विचारलं.

"सोडलो की. तेवढ्या वेळात दोन्ही पाय बघून होतंय."