पोगाचार एकदाही चाचणीत सापडला नाही, तरी लोक संशय का घेतात?

तुम्ही विचारलंय, स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचार 1990 च्या दशकातल्या मार्को पँतानी या इटालियन सायकलपटूपेक्षाही वेगाने घाट चढतो, चाचणीत कधी सापडलेला नाही, मग लोकांचा संशय म्हणजे निव्वळ मत्सर का? आणि संशयच घ्यायचा तर हा खेळ बघायचाच कशाला?

मत्सर म्हणू नका. मी साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 14 वर्षं काम करते, रविवारी सायकलने यवतेश्वरचा घाट चढते आणि जुलै आला की ड्यूट्या बदलून घेऊन टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत बघते. पोगाचार मला मनापासून आवडतो. त्याच्याविरुद्ध आजवर काहीही सिद्ध झालेलं नाही, हे आधी सांगते. पण ‘सापडला नाही’ या दोन शब्दांवर सायकलिंग बघणारा जुना माणूस विसंबत नाही, आणि त्याला तशीच कारणं आहेत.

1990 च्या दशकात या खेळात ईपीओ आलं. हे मूळचं मूत्रपिंडाच्या रुग्णांचं औषध. आमच्याकडे डायलिसिसवाल्या पेशंटचे रिपोर्ट येतात. सात-साडेसातवर अडकलेलं हिमोग्लोबिन या इंजेक्शनने दहापर्यंत येतं आणि माणूस जिना चढायला लागतो. तेच धडधाकट खेळाडूने घेतलं की लाल पेशी वाढतात, ऑक्सिजन जास्त वाहिला जातो आणि घाटात पाय दमत नाहीत. लघवीतून ते ओळखण्याची चाचणी 2000 साली आली. तोवर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने 1997 मध्ये एक मर्यादा घातली होती : हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, 50 टक्क्यांच्या वर गेलं तर शर्यतीतून बाहेर.

हिमॅटोक्रिट आता मशीनच सांगतं, पण मी शिकले तेव्हा हाताने काढायचो. काचेची अगदी बारीक नळी रक्ताने भरायची, एक टोक क्लेने बंद करायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवायची. बाहेर काढली की खाली गडद लाल, मध्ये केसभर पांढुरका थर, वर पिवळसर प्लाझ्मा. लाल भाग पट्टीवर वाचायचा, झालं. हे काम इतकं सोपं आहे की त्या काळी संघ हॉटेलच्या खोलीतच छोटं सेंट्रिफ्यूज ठेवायचे. आकडा वर गेला की सलाइन लावून रक्त पातळ करायचे. 1998 च्या जागतिक स्पर्धेत लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूच्या संघाच्या डॉक्टरने रेनकोटखाली सलाइनची पिशवी लपवून तपासनिसाच्या समोरून आत नेली होती, हे नंतर साक्षीत बाहेर आलं. म्हणजे 50 ची मर्यादा अनेकांना लक्ष्यासारखी झाली : 49 पर्यंत बिनधास्त. पँतानी जून 1999 मध्ये इटलीची शर्यत जवळजवळ जिंकलेलीच असताना 52 वर सापडला आणि घरी गेला. त्यातून तो सावरलाच नाही. फेब्रुवारी 2004 मध्ये रिमिनीच्या एका हॉटेलात कोकेनने गेला तेव्हा 34 वर्षांचा होता. त्याच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

आर्मस्ट्राँग 1999 ते 2005 सलग सात वेळा टूर जिंकला, आणि मी चाचणीत कधी नापास झालो नाही हेच त्याचं ठरलेलं उत्तर. शेवटी 2012 मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याला धरलं ते 26 जणांच्या साक्षींवर. त्यातले 11 त्याचेच जुने सहकारी होते.

माझं म्हणणं इथेच आहे. या खेळातली मोठी प्रकरणं बहुतेक वेळा बाटलीतल्या लघवीने उघडकीला आलेली नाहीत. जुलै 1998 मध्ये फेस्टिना संघाचा मसाजवाला विली व्होए फ्रान्स-बेल्जियम सीमेवर कस्टम्सच्या हाती लागला. गाडीत ईपीओ आणि ग्रोथ हार्मोनचा साठा होता. 2006 मध्ये खेळाडूंचं रक्त साठवून त्यांना परत चढवणाऱ्या माद्रिदच्या डॉ. फुएंतेसचं प्रकरण स्पॅनिश पोलिसांनी काढलं. 2019 मध्ये ऑस्ट्रियात झेफेल्डच्या स्की स्पर्धेत पोलीस खोलीत शिरले तेव्हा एका खेळाडूच्या हातात रक्त चढवण्याची सुई तशीच होती. त्याच जाळ्यात पुढे दोन ऑस्ट्रियन सायकलपटूही आले. पोलीस, कस्टम्स, नाहीतर आतला माणूस.

आणि आतल्या माणसाचं काय होतं ते बघा. ख्रिस्तोफ बासाँ हा फेस्टिनाचाच खेळाडू. 1998 च्या तपासात त्याच्या सहकाऱ्यांनीच सांगितलं की आमच्यात न घेणारा तो एकटा. पुढच्या वर्षी तो टूरमधून एका फ्रेंच वर्तमानपत्रात स्तंभ लिहीत होता आणि सगळं अजून बदललेलं नाही असं सरळ म्हणत होता. आल्प द्युएझच्या टप्प्यावर तो पुढे निसटला. पिवळी जर्सी घातलेल्या, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असलेल्या आर्मस्ट्राँगने त्याला गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू बोलतोस ते सायकलिंगसाठी वाईट आहे, तू निघून जा. खेळाडूंच्या त्या अख्ख्या घोळक्यात त्याच्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही. थोड्याच दिवसांत बासाँ टूर सोडून गेला. 2001 मध्ये त्याने खेळच सोडला.

एमा ओ’रायली आर्मस्ट्राँगच्या संघात मसाज करायची. 1999 मध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिसोन या बंदी असलेल्या औषधाचा अंश निघाला, तेव्हा सीटवर घासून झालेल्या जखमेच्या मलमाचं मागच्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन बनवायचं ठरलं. हे बोलणं ती मसाज करत असताना तिच्यासमोर झालं. 2004 मध्ये तिचं सांगणं छापून आलं, तर त्याने तिच्यावर दावा लावला आणि तिच्या चारित्र्यावर चिखल उडवला. ती खरं बोलत होती. आर्मस्ट्राँगने स्वतः 2013 मध्ये ते मान्य केलं. नऊ वर्षं तिने ते ओझं वाहिलं.

आता पोगाचार. 14 जुलै 2024 ला फ्रान्समधला प्लातो द बेयचा सुमारे 16 किलोमीटरचा घाट तो 40 मिनिटांच्या आसपास चढला. पँतानीच्या 1998 च्या वेळेपेक्षा साडेतीन मिनिटांहून जास्त लवकर. ऐकल्यावर पाणी कुठंतरी मुरतंय असंच वाटतं. मलाही वाटलं. पण त्या दिवशी त्याचा प्रतिस्पर्धी व्हिंगेगार्ड याच्या संघाने पायथ्यापासूनच वेग ठेवला होता, मग व्हिंगेगार्डने स्वतः ओढलं आणि पोगाचार शेवटचे पाचेक किलोमीटर राहीपर्यंत त्याच्या चाकामागे वारा चुकवत बसून होता. दुसरे-तिसरे आलेलेही पँतानीच्या पुढेच होते. सायकली बदलल्या, टायर बदलले, आणि खाणं तर पार बदललं : आता तासाला 120 ग्रॅमपर्यंत कार्बोहायड्रेट पचवतात, म्हणजे सुमारे 24 चमचे साखर. घाटात पोटात काही नसताना पाय कसे गळतात हे यवतेश्वरला मी भोगलंय, त्यामुळे हे कारण मला हलकं वाटत नाही.

त्याचबरोबर हेही खरं की त्याच्या संघाचे प्रमुख माउरो जानेत्ती 2008 मध्ये ज्या संघाचे प्रमुख होते, त्यातला रिक्को हा खेळाडू टूर चालू असतानाच ईपीओच्या नव्या प्रकारात पकडला गेला आणि अख्खा संघ माघारी गेला. दुधाने तोंड पोळलेले ताक फुंकून पितात, त्यात त्यांची चूक नाही. 2008 पासून प्रत्येक खेळाडूचा रक्ताचा पासपोर्ट, म्हणजे वेळोवेळीच्या रक्ततपासण्यांची नोंद ठेवतात, ती चांगलीच गोष्ट आहे. स्लाइडवर नव्या लाल पेशी निळ्या जाळीसारख्या दिसतात. बाहेरून रक्त चढवलं की शरीर त्या बनवणं कमी करतं आणि ते दिसतं. पण हुशार डॉक्टर थोड्या-थोड्या डोसने त्या आकड्यांची रेषा सरळ ठेवू शकतो. म्हणून वेळेवरून पोगाचारला दोषी म्हणणार नाही, आणि रिपोर्टवरून छातीठोकपणे स्वच्छही म्हणणार नाही.

प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करतात तिथे मात्र माझे कान टवकारतात. ऑक्टोबर 2024 मध्ये केनियाच्या रूथ चेपनगेटिचने शिकागोत मॅरेथॉन 2:09:56 मध्ये धावली, आधीच्या महिला विक्रमापेक्षा जवळजवळ दोन मिनिटं कमी. पत्रकार परिषदेत एकाने डोपिंगचा प्रश्न विचारला, तर त्याच्यावरच टीकेची झोड उठली. मार्च 2025 च्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड सापडलं. आपल्याकडे घरोघरी बीपीच्या गोळ्यांत असतं तेच. ते लघवी वाढवतं आणि इतर औषधं त्यात लपतात. मर्यादा 20, तिच्या नमुन्यात 3,800 नॅनोग्रॅम. तीन वर्षांची बंदी आली. शिकागोचा विक्रम आधीचा म्हणून कायम आहे, आणि त्या दिवशी तिने काय घेतलं होतं हे यातून सिद्ध होत नाही. पण तो प्रश्न विचारायलाच हवा होता.

मग बघायचं कशाला? मी बघते ते त्या घोळक्यात आजही एखादा बासाँ असेल म्हणून. पन्नासावा येत असेल, कोणाला नावही माहीत नसेल. मी टीव्ही बंद केला तर त्याच्या वाट्याला काय येणार?

हे सगळं युरोपचं, आफ्रिकेचं, असं म्हणून मला सोडता येत नाही. 2023 मध्ये भारतातल्या 5,606 नमुन्यांपैकी 213 सदोष निघाले, आणि ते फक्त ज्यांची चाचणी झाली त्यांचे. गेल्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी करायला आला. हिमॅटोक्रिट 54. पाणी पितोस ना, विचारलं, तर रिपोर्ट घाईघाईने दुमडायला लागला. मग हळूच बोलला : 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत आले तरच पूर्ण 20 मार्क, ट्रेनिंगला एक जण इंजेक्शन देतो, कुपीवरचं लेबल खरवडलेलं असतं. “ताई, सगळेच घेतात. मी एकट्याने नाही घेतलं तर राहून जाईन ना?”

रक्त घट्ट झालं की गुठळी होते, ती मेंदूत किंवा फुप्फुसात जाते, हे मी त्याला सांगितलं आणि डॉक्टरांकडे घेऊन गेले. महिन्याभराने परत आला तेव्हा आकडा 47 होता. इंजेक्शन देणाऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाला, “नाव सांगितलं तर बाकीची पोरं मला मैदानावर येऊ देतील का?” भरतीत त्याचं अजून झालेलं नाही. अधूनमधून भेटतो. मी दर वेळी विचारते, तो दर वेळी खाली बघतो.