अन्येहो चाखायची असेल तर

मीठ-लिंबू आधी बाजूला ठेव. शॉट मारायला ते ठीक आहे, पण अन्येहोबरोबर, म्हणजे ओकच्या पिंपात निदान १ वर्ष मुरलेल्या टकीलाबरोबर, घेतलंस तर पैसे पाण्यात. (३ वर्षं मुरली की तीच एक्स्ट्रा अन्येहो.) लेबलवर '१०० टक्के अगावे' (टकीला ज्या वनस्पतीपासून बनते ती) आहे ना बघ. नसेल तर ४९ टक्क्यांपर्यंत साखर दुसऱ्या कशाची असू शकते.

रंगावर भाळू नकोस. कॅरमेल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक हे थोड्या प्रमाणात घालायला नियमांतच मुभा आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी असं काही नाही.

तोंडाशी निमुळता ग्लास घे, थोडीशीच ओत आणि दहा मिनिटं हात लावू नकोस. मग नाक काठापासून बोटभर लांब ठेवून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घे. व्हॅनिला, कॅरमेल लगेच येईल. ते पिंपाचं देणं. पिंपं बऱ्याचदा बर्बनची, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीची, वापरलेली असतात. त्याच्यामागे भाजलेल्या रताळ्यासारखा गोडसर वास शोध, तो शिजलेल्या अगावेचा. तो सापडलाच नाही तर बाटली कितीही महाग असो, मी तिला मार्क देत नाही.

पहिला घोट फक्त तोंड ओलं करायला. मत दुसऱ्यावर बनव. गिळल्यावर मिरीचा हलका चटका राहिला तर उत्तम. सरबतासारखी गोडी जिभेला चिकटून बसली तर संशय घे. बर्फ नको, फार तर दोन थेंब पाणी.

आणि जमलं तर त्याच कारखान्याची न मुरवलेली ब्लांको शेजारी ठेव. लेबलावरचा चार आकडी नॉम क्रमांक जुळला की कारखाना एकच. पिंपाने काय भर घातली आणि काय झाकलं, ते लगेच कळतं.