पिशवी काढूनच टाकू का, ताई?

इंदूरमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्या बायकांनी विचारलाय की समोरची बाई खुर्चीत टेकायच्या आत मला तो ऐकू येतो. "गर्भाशयाच्या तोंडाशी काहीतरी दिसतंय म्हणे. कॅन्सर व्हायच्या आधी पिशवीच काढली तर?" विचारणारी कधी सुदामानगरची शिक्षिका असते, कधी राजवाड्याजवळ साड्यांचं दुकान चालवणारी. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या तेव्हा आपण हळहळलो. पण "मुलं झाली ना, आता काय करायचीय ती ठेवून" हे वाक्य शिकल्यासवरल्या घरांतही सर्रास चालतं.

नंदा (नाव बदललंय) अशीच आली. वय 38, दोन मुलं. तपासताना डॉक्टरांना गर्भाशयाच्या मुखावर निळसर-लाल डाग दिसले होते. पॅप स्मिअर (मुखावरच्या पेशींची तपासणी) झाली, कॉल्पोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीतून मुख बघताना, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून बायोप्सीला गेला, आणि रिपोर्ट लांबला. लॅबला आणखी स्टेन, म्हणजे पेशी ओळखायचे रंग, लावून बघायचे होते.

"उशीर होतोय म्हणजे वाईटच असणार ना, ताई?"

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"त्या काही बोलतच नाहीत."

"अगदी काहीच नाही?"

"म्हणाल्या, कॅन्सरसारखं वाटत नाही, पण खात्री करून घेऊ."

"मग बाकीचं कोण म्हणालं?"

जरा थांबून म्हणाली, "जाऊबाई. आणि मोबाईल."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली. माणूस घटनेपेक्षा घटनेवरच्या स्वतःच्या भाष्याने जास्त हैराण होतो, हे त्याचं म्हणणं मला रोज खरं होताना दिसतं. म्हणून नंदाला कागदावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे डॉक्टरांची वाक्यं, उजवीकडे आपण त्यात घातलेली. डावी बाजू जेमतेम भरली. उजवीकडे मुलांची लग्नं कोण करणार इथपर्यंत मजल गेली होती. ते वाचताना तिला स्वतःलाच हसू आलं. मला हा कागद औषधाच्या तोडीचा वाटतो.

रिपोर्ट का लांबतो, हे मात्र तिला नीट सांगावं लागलं. गर्भाशयाच्या मुखावर दिसणारी प्रत्येक गोष्ट कर्करोग नसते. नाबोथियन सिस्ट म्हणजे साठलेल्या चिकट द्रवाच्या बारीक गाठी. मार्टिन नाबोथ यांनी 1707 मध्ये त्यांचं वर्णन केलं, आणि सहसा त्यांना उपचारही लागत नाहीत. पॉलिप, म्हणजे मुखावरची मऊ, लोंबती वाढ, बहुतेक निरुपद्रवी असतो, तरी काढल्यावर लॅबला पाठवतातच. काही गोष्टी दुर्मीळ: मुखावरची फायब्रॉइडची गाठ, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलत्या जागी रुजणं), क्षयरोग. क्षयाचा व्रण नुसत्या डोळ्यांना हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. असा रोगी केवळ नजरेच्या अंदाजाने ऑपरेशनला नेला तर? पेशींच्या तपासणीतही एंडोमेट्रिओसिसच्या पेशी कधीकधी संशयास्पद वाटतात, म्हणून बायोप्सी आणि वेगळे स्टेन. पॅथॉलॉजिस्टने वेळ घेतला म्हणजे तो घाईने शिक्का मारत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

हे ऐकून ती शांत झाली, पण दोन दिवसांपुरती. पुन्हा फोन: "काढूनच टाकते ना, डोक्याचा ताप जाईल." माहिती पोचली होती आणि भीती जागची हलली नव्हती. असं होतं तेव्हा मी माहिती देणं थांबवते. पुढच्या भेटीत वेगळंच विचारलं.

"तुम्ही डॉक्टरांना काय काय सांगितलं?"

"पाळीच्या आधी डाग लागतात, एवढं."

"आणि काय नाही सांगितलं?"

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तो जाईपर्यंत मी काही बोलले नाही.

"संबंधांनंतर रक्त जातं. बरेच महिने झाले."

"हे डॉक्टरांना माहीत नाही?"

"कसं सांगू? सासूबाई आत होत्या."

मग बांध फुटला. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात "पिशवीच्या तोंडाला जखम आहे" म्हणून तिला शेक दिला होता, कॉटरी, म्हणजे तेवढा भाग जाळणं. तेही घरी कोणाला माहीत नव्हतं. रक्ताच्या भीतीने ती नवऱ्याला जवळ येऊ देत नव्हती. त्याला वाटत होतं ही माझ्यावर रागावलीय. पिशवी गेली की रक्त जाईल, नवऱ्याला उत्तर द्यावं लागणार नाही आणि सासूसमोर तपासणीही नको, असा सगळा हिशेब त्या एका प्रश्नात होता. कॅन्सर त्यात निम्मासुद्धा नव्हता. इतक्या वर्षांच्या कामाने हे ओळखायचा कान मला दिलाय, आणि तो आपल्याला आहे याचं मला बरं वाटतं.

त्या "जखमे"बद्दलही थोडं. गर्भाशयमुखाच्या आतलं नाजूक, लालसर अस्तर बाहेरच्या बाजूला दिसतं, त्याला पुष्कळदा जखम म्हणून टाकतात. तरुण वयात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेताना ते दिसणं नेहमीचं आहे. त्यासाठी पिशवी काढायचं काही कारण नाही.

पुढच्या वेळी नंदा डॉक्टरांकडे चिठ्ठी घेऊन गेली: रक्त कधी जातं, पाळीशी त्याचा संबंध काय, पूर्वी शेक कधी दिला. सासूबाईंना बाहेर थांबवायचं काम डॉक्टरांनीच केलं. तपासताना नातेवाईक बाहेर, एवढं म्हटलं की कोणाचा मान जात नाही. रिपोर्ट आला, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी मुखावर रुजल्या होत्या. पूर्वीच्या कॉटरीनंतर असं होऊ शकतं, आणि पाळीच्या आधीचे डागही त्यात बसतात. डॉक्टरांनी पिशवीला हातही लावायचा नाही असं ठरवलं. लक्ष ठेवायचं, त्रास वाढला तर हॉर्मोनच्या गोळ्या किंवा तेवढाच भाग काढणं.

"पण शंभर टक्के खात्री आहे?" तिने मला विचारलंच. मी म्हटलं, "तेवढी खात्री तुम्हाला घरी सुखरूप पोचण्याचीही नाही, तरी रिक्षात बसताच ना?" शंका राहिली तर स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतो, हेही सांगितलं. बायका हे मागायला उगाच संकोचतात. पिशवी काढायला सांगणाऱ्याला "रिपोर्टमधल्या कशासाठी?" असं विचारायलाही संकोचू नये. आणि संबंधांनंतर रक्त जात असेल तर ते लपवू नये; बहुतेकदा कारण साधं निघतं, पण तपासणी झालीच पाहिजे.

नवरा एकदा येऊन गेला. फारसं बोलला नाही, पण रिपोर्ट दोनदा वाचला.

सासूबाईही एका भेटीत सोबत आल्या होत्या. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, "माझं वय बासष्ट. माझी पण करायची असते का ती तपासणी?" करायची असते, म्हटलं, सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायका धरल्यात. त्यांची आजवर एकदाही झाली नव्हती. पाळी गेल्यावर एक थेंब रक्त दिसलं तरी वाट बघत बसायचं नाही, हेही सांगितलं. त्यांनी नंदाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग तुझ्याबरोबर माझीही चिठ्ठी काढ."