कायद्याची शंका : ज्यूरीसाठी बोलावलेल्या माणसाचे फेसबुक वकिलाने पाहावे का?

प्रश्न : माझी मुलगी बरीच वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. तिकडचे नागरिकत्व घेतल्यानंतर तिला नुकतेच ज्यूरीच्या, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाच्या, कामासाठी न्यायालयात हजर राहण्याचे पत्र आले आहे. तिच्या मैत्रिणी सांगतात की, ज्यूरीसाठी आलेल्या लोकांचे फेसबुक, इन्स्टाग्राम वकील आधी चाळतात आणि त्यावरून कोणाला ठेवायचे, कोणाला वगळायचे हे ठरवतात. हे खरे आहे काय, कायद्यात बसते काय, आणि तिने जुने लिखाण काढून टाकावे काय? — एक वाचक, लातूर

उत्तर : खरे आहे, आणि काही मर्यादा पाळल्या तर कायद्यातही बसते. स्थळ आले की मुलाचे फेसबुक आधी चाळायचे, ही रीत आता लातुरातही रुळली आहे. तिकडच्या वकिलाला तर निर्णय काही मिनिटांत घ्यायचा असतो. ज्यूरी निवडताना उमेदवारांना प्रश्न विचारले जातात आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना दोन प्रकारच्या हरकती घेता येतात. पहिली हरकत कारण देऊन घ्यायची असते. तिला संख्येची मर्यादा नसते, मात्र उमेदवार निःपक्षपाती राहू शकणार नाही हे न्यायाधीशाला पटावे लागते. दुसरीला कारण सांगावे लागत नाही, पण तिची संख्या ठरलेली असते. संघीय, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयातील गंभीर फौजदारी खटल्यात सरकारी पक्षाला अशा ६ आणि बचाव पक्षाला १० हरकती मिळतात, देहदंडाच्या खटल्यात प्रत्येकी २०, तर दिवाणी दाव्यात प्रत्येकी ३. राज्याराज्यांचे आकडे वेगळे आहेत. ही हरकत वंशावरून घेता येणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये, आणि लिंगावरूनही घेता येणार नाही, असे १९९४ मध्ये ठरवले. हरकती मोजक्या आणि उमेदवाराविषयीची माहिती तुटपुंजी, अशा स्थितीत त्याने स्वतःच जगापुढे मांडलेले लिखाण वकिलाने पाहू नये, अशी अपेक्षा करणे व्यवहारात टिकत नाही.

योगायोगाने या विषयावरचा एक महत्त्वाचा निर्णय आपल्या मुलीच्याच राज्यातला आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या एका दाव्यात वादीचा वकील ज्यूरीच्या निवडीच्या वेळी न्यायालयातच लॅपटॉप उघडून उमेदवारांची नावे शोधू लागला. प्रतिपक्षाने हरकत घेतली. दोन्ही बाजू समान पातळीवर असाव्यात आणि अशा शोधाची पूर्वसूचना दिलेली नव्हती, या कारणांवरून न्यायाधीशांनी त्याला थांबवले. २०१० मध्ये अपील न्यायालयाने ही मनाई चुकीची ठरवली. एका वकिलाने तयारीनिशी यावे आणि दुसऱ्याने येऊ नये, एवढ्यावरून पहिल्याचा लॅपटॉप बंद करता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तथापि मनाईमुळे वादीचे नुकसान झाल्याचे दिसले नाही, म्हणून निकाल मात्र बदलला नाही.

त्याच वर्षी मिसुरी या दुसऱ्या राज्याचे सर्वोच्च न्यायालय याही पुढे गेले. तेथे एका ज्यूरी सदस्येने आपल्यावरील पूर्वीच्या दाव्यांविषयी विचारले असता मौन पाळले होते आणि ही गोष्ट निकालानंतर उघडकीस आली. न्यायालयाने फेरखटल्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. पण यापुढे वकिलांनी उमेदवारांचा पूर्वीच्या दाव्यांचा इतिहास न्यायालयाच्या संकेतस्थळावर वेळीच तपासावा, निकाल विरोधात गेल्यावर तक्रार घेऊन येऊ नये, असेही बजावले. म्हणजे जे पाहणे आगाऊपणाचे मानले जात होते, ते काही बाबतींत कर्तव्य होऊन बसले.

पाहिलेल्याचे वजन किती, हे २०२४ मध्ये न्यूयॉर्कला डोनाल्ड ट्रम्प यांच्या खटल्यात चांगले दिसले. एका उमेदवाराने काही वर्षांपूर्वी फेसबुकवर ट्रम्प यांना तुरुंगात टाका अशा अर्थाचे लिहिले होते; न्यायाधीश मर्चन यांनी त्याला सकारण वगळले. दुसऱ्या एका उमेदवार बाईंच्या बाबतीत बचाव पक्षाने त्यांच्या पतीने टाकलेला जुना विनोद पुढे केला. एवढेच सापडत असेल तर या बाई निःपक्षपाती राहतील याची मला उलट खात्रीच वाटते, अशा आशयाचे उत्तर न्यायाधीशांनी दिले. नवऱ्याच्या विनोदाचा जाब बायकोला विचारणाऱ्या वकिलाला ते योग्यच मिळाले, असे मला वाटते.

या सगळ्यात ज्यूरी सदस्याचा विचार कोणी केला, असे विचाराल तर २०१६ मधील ओरॅकल विरुद्ध गूगल या खटल्यातील न्यायाधीश अल्सप यांचा आदेश पाहावा. वकील आपली माहिती शोधतात हे कळले की ज्यूरी सदस्यांनाही खटल्याविषयी इंटरनेटवर शोधाशोध करण्याचा मोह होईल, हे त्यांचे पहिले कारण. एखाद्या सदस्याचे आवडते पुस्तक वा व्यक्ती हेरून वकील युक्तिवादात नेमका तोच दाखला पेरतील, हे दुसरे. आणि हे लोक ना पक्षकार आहेत ना प्रसिद्धीच्या मागे आहेत, केवळ नागरिक म्हणून बोलावले म्हणून आले आहेत, तेव्हा त्यांच्या खासगीपणाची बूज राखावी, हे तिसरे. त्यांनी सरसकट बंदी घातली नाही. शोध घ्यायचाच असेल तर काय आणि कसे शोधणार हे उमेदवारांना आधी सांगा, असा पर्याय ठेवला, तेव्हा दोन्ही कंपन्यांनी शोध न घेण्याचे मान्य केले. दुसरे कारण मला सर्वांत खोल वाटते, कारण पक्षपाती माणूस वगळण्यासाठी मिळालेली माहिती त्याच माणसाला वश करण्यासाठी वापरली जाण्याचा धोका त्यात ओळखला आहे.

आता आपल्या मुलीविषयी. खाते सर्वांसाठी खुले ठेवायचे की फक्त ओळखीच्यांसाठी, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे आणि ज्यूरीच्या पत्राने तो जात नाही. मात्र प्रश्नावलीत किंवा तोंडी विचारले असता उत्तर खरेच द्यावे. जुन्या लिखाणापेक्षा ते लपवण्याचा प्रयत्न अधिक महागात पडतो. निवड झालीच, तर निकाल लागेपर्यंत खटल्याविषयी एक ओळही लिहू नये आणि त्यातील नावे गूगलवर शोधू नयेत.

प्रश्न : पाहण्याची परवानगी नेमकी कुठे संपते? मैत्रीची विनंती पाठवता येते का? — एक विधी विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तिथेच संपते. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०१४ मधील ४६६ क्रमांकाच्या मतानुसार जे सर्वांना खुले आहे ते पाहता येते. मैत्रीची वा अनुसरणाची (फॉलो करण्याची) विनंती पाठवणे म्हणजे उमेदवाराशी संपर्क साधणे होय, आणि तो वकिलाला स्वतः किंवा सहायकाच्या हातूनही साधता येत नाही. प्रश्न लिंक्डइनसारख्या ठिकाणी येतो, जिथे कोणी आपले पान पाहिले याची सूचना त्या व्यक्तीला आपोआप जाते. बार असोसिएशनच्या मते ती सूचना संकेतस्थळाने पाठवलेली असते, वकिलाने नव्हे. न्यूयॉर्क शहराच्या वकील संघटनेने मात्र २०१२ मध्येच अशी सूचना संपर्क ठरू शकते, असे सांगितले होते. मला दुसरे मत अधिक जबाबदारीचे वाटते, कारण आपला माग वकील काढत आहेत हे कळल्यावर सदस्याच्या मनावर होणारा परिणाम सूचना कोणी पाठवली यावर अवलंबून नसतो.

प्रश्न : आपल्याकडे ज्यूरी नाही. मग या चर्चेचा परभणी-बीडच्या वकिलाला उपयोग काय? — एक वाचक, परभणी

उत्तर : ज्यूरी नाही हे खरे. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले आणि उच्च न्यायालयाने १९६० मध्ये ते फिरवले. त्याने ज्यूरी लगेच गेली असे नव्हे, पण १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. तथापि निःपक्षपाती असावा अशी कायद्याची अपेक्षा असलेला एक सामान्य माणूस आपल्या खटल्यातही असतो. झडतीच्या पंचनाम्यासाठी त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी लागतात. तो पंच फिर्यादीच्या घरच्या लग्नात त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला फोटो फेसबुकवर खुला असेल, तर बचावाच्या वकिलाने तो अवश्य पाहावा आणि उलटतपासात दाखवावा. बनावट खाते काढून त्या पंचाशी मैत्री जोडणे मात्र त्याच्यावर दबाव आणण्याच्या फार जवळ जाते.

अडचण फोटो सापडण्यात नसून सिद्ध करण्यात आहे, आणि त्याविषयीचा आजचा प्रमुख निर्णय आपल्या जालन्याच्याच प्रकरणातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळेत पोहोचला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला होता. प्रतिस्पर्धी उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी वारंवार मागूनही चित्रीकरण अस्सल असल्याचे, पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर त्याची अडवणूक करता येणार नाही. हीच अट आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखण्याचा तिचा सांकेतिक ठसाही, लिहावे लागते. साक्षीदाराने फोटो कबूल केला तर पुढचा खटाटोप वाचतो. नाकारला तर तोवर तो फेसबुकवरून गेलेलाही असू शकतो. म्हणून सापडला त्याच दिवशी दुवा आणि तारखेसह तो उतरवून घ्यावा आणि प्रमाणपत्राची तयारी उलटतपासाच्या आधी करावी.