काकू, यूट्यूब चॅनल सुरू करायलात तर आधी एवढं बघा
काकू, साठीत रेसिपीचं चॅनल सुरू करायलात, लई भारी वाटलं, बिनधास्त करा. कॅमेरा, रिंगलाइट आत्ताच घेऊ नका, हातातला मोबाईल बास आहे, पैसे घालायचेच तर कॉलरला लावायचा माइक घ्या कारण चित्र जरा अंधुक असलं तरी लोक बघतात पण आवाज नीट आला नाही की लगेच पुढं जातात. पंखा, कूलर बंद करूनच शूट करायचं, परभणीच्या उन्हाळ्यात हे अवघडच, म्हणून सकाळी लवकर उरकून घ्या, आणि खिडकी तोंडासमोर पाहिजे, पाठीमागं नको.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथं:
- नमस्कार-चमत्कारातच दोन मिनिटं घालवतात. येसर, म्हणजे आपला आमटीचा मसाला, दाखवायचाय ना, मग पहिल्याच वाक्यात येसर.
- सिनेमाचं गाणं मागं लावतात, मग कॉपीराइट क्लेम येतो, म्हणजे गाण्याचा मालक व्हिडिओवर हक्क सांगतो.
- सबस्क्राइबर विकत घेतात. अजिबात नको!

यूट्यूबच्या जाहिरातीच्या पैशासाठी १००० सबस्क्राइबर आणि १२ महिन्यांत ४००० तास वॉचटाइम (लोकांनी व्हिडिओ बघितलेला वेळ) लागतो, शॉर्ट्सचा म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचा हिशेब वेगळा, पण ते आत्ता डोक्यात घेऊच नका. भाषा पुस्तकी करू नका, घरात बोलता तसंच बोला, तीच ऐकायला लोक येतील. एडिटिंग, थंबनेल (व्हिडिओ उघडायच्या आधी दिसतं ते चित्र) नंतर सांगतो, पहिला व्हिडिओ टाकला की लिंक पाठवा.